जात्यावरील वाग्गेयकार : बहिणाबाई चौधरी यांच्या गीतरचनेचा एक विचार

१

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात वाग्गेयकाराचे लक्षण सांगितले आहे. गीताच्या शब्दांगास त्याने ‘मातु’ म्हटले, स्वरांगास ‘धातु’ म्हटले आणि ही दोन्ही अंगे जो स्वतः निर्माण करतो त्यास वाग्गेयकार ही संज्ञा दिली. शब्द एकाचा व चाल दुसऱ्याची अशा रचनेपेक्षा एकाच मनातून एकाच वेळी उद्भवलेले गीत त्याच्या दृष्टीने श्रेष्ठ होय. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पियानोपुढे बसून स्वतःचे गीत स्वतःच रचणारे व गाणारे जे गायक-कवी पुढे आले, त्यांचा विचार करतानाही हीच कसोटी उपयोगी पडते. कॅरोल किंग या अमेरिकन गायिकेने आधी अनेक वर्षे इतर गायकांसाठी चाली बांधल्या. परंतु १९७१ साली ‘टॅपेस्ट्री’ या ध्वनिमुद्रिकेत तिने स्वतःच्या आवाजात व स्वतःच्या हातांच्या साथीने गाणी सादर केली, तेव्हा तिचे खरे स्थान श्रोत्यांस उमगले. टोरी एमॉस हिची १९९२ सालची ‘लिटल अर्थक्वेक्स’ ही ध्वनिमुद्रिकाही याच परंपरेतील. या रचनांत वाद्य ही गीताला मागाहून दिलेली जोड नसते. हात चालू असताना शब्द सुचतो, आणि शब्दाची लांबी-रुंदी हाताच्या गतीने ठरते.

मराठी भावगीताच्या इतिहासात मात्र श्रमविभाग झालेला दिसतो. कवी निराळा, संगीतकार निराळा आणि पुष्कळदा गायकही निराळा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त चाल व प्रमुख गायन सुधीर फडके यांचे असले तरी शब्द ग. दि. माडगूळकर यांचे आहेत. गजाननराव वाटवे यांनी पेटीच्या साथीने कवितागायनास लोकप्रियता मिळवून दिली, परंतु त्यांनी गायिलेल्या बहुतेक कविता इतरांच्या होत्या. मग नाटक मंडळी, ध्वनिमुद्रण कंपनी किंवा आकाशवाणी यांपैकी कोणाचाही आधार न घेता मातु व धातु दोन्ही घडविणारा आणि स्वतःच्या हाताच्या तालावर ती गाणारा आधुनिक मराठी वाग्गेयकार कोणता, असा प्रश्न केला असता उत्तरादाखल एक नाव प्रथम पुढे येते. ते नाव जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांच्यापाशी वाद्य म्हणून पेटी नव्हती. होते ते जाते. आणि त्यांच्याच बोलीत सांगावयाचे तर ‘घरोट’.

बहिणाबाईंविषयी आजवर झालेल्या लेखनाचा बहुतांश भाग त्यांना ‘कवयित्री’ मानून झालेला आहे. हे संबोधन यथार्थ आहे, पण अपुरे आहे. त्यांच्या रचनांची मौखिक गीत म्हणून परीक्षा केली असता त्यांच्या गुणदोषांचे मूल्यमापन बदलते, इतकेच नव्हे, तर त्यांच्या छापील पाठाकडे पाहण्याची दृष्टीही बदलणे आवश्यक ठरते.

२

बहिणाबाईंच्या जीवनाचा आराखडा सर्वपरिचित आहे. जळगावनजीक असोदे येथे १८८० साली नागपंचमीच्या दिवशी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. एक मुलगी व दोन मुलगे यांचा सांभाळ, शेती आणि घरकाम यांतच पुढील चाळीस वर्षे गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुखातील गाणी त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व त्यांचे आप्त पीतांबर चौधरी यांनी उतरवून घेतली. ती आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली व १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने, अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाली.

या क्रमातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संग्रह निघाला तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या गीतांचे दोन स्वतंत्र कालखंड पडतात. पहिला, सुमारे अर्धशतकाचा, घर व शेत यांच्या सीमेत गळ्यावर नांदलेल्या गीतांचा. दुसरा, १९५२ नंतरचा, कागदावर व इतरांच्या कंठांत नांदणाऱ्या गीतांचा. पहिल्या कालखंडात मातु व धातु अविभक्त होते. दुसऱ्याचा आरंभच त्यांच्या फारकतीने होतो, कारण वहीत उतरले ते शब्द. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. साहजिकच पुढील सर्व समीक्षा मातूवरच उभी राहिली.

३

जाते हे वाद्य म्हणता येईल काय, अशी शंका येथे उपस्थित होईल. पियानो किंवा पेटी स्वर देते, जाते स्वर देत नाही. ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु जात्याच्या घरघरीत एक अखंड नाद असतो. गाणाऱ्या स्त्रीचा स्वर त्या नादावर टेकलेला असतो. याखेरीज जात्याला निश्चित आवर्तन असते. एक हात खुंटा फिरवीत असतो, दुसरा हात ठरावीक अंतराने मुखात धान्याचा घास टाकीत असतो. पियानोवादकाच्या दोन हातांना जशी दोन कामे नेमून दिलेली असतात आणि गळा तिसरे काम करतो, तशीच ही योजना आहे. भेद एवढाच की येथे हातांच्या कामातून पीठ निघावयाचे असते आणि गाणे हे त्या कामाचे ओझे हलके करण्याकरिता असते.

बहिणाबाईंची सर्वच गाणी जात्यावर झाली असे नव्हे. पेरनी, कापनी, रगडनी, उपननी या क्रमाने शेताचे सारे वर्ष त्यांच्या गीतांत आले आहे, आणि त्या त्या कामाची गती निराळी आहे. तथापि या गीतांचा मूळ साचा ओवीचाच आहे. ओवी ही महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावर शतकानुशतके जोपासलेली सामूहिक संपत्ती होय. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी पुणे परिसरापासून आरंभ करून ज्या ओव्या संगृहीत केल्या त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. त्यावरून या परंपरेच्या विस्ताराची कल्पना येईल. त्या संग्रहातील ओवी सहसा सुटी असते, एकीने म्हणावी व दुसरीने तिला आपली जोडावी अशी असते. बहिणाबाईंनी हा सामूहिक साचा घेतला, आणि त्यात एका विषयावर सलग विचार करणारे, एका व्यक्तीची मुद्रा असलेले गीत घडविले. त्यांचे वैशिष्ट्य येथे आहे. त्यांना केवळ लोकगीतकार म्हणणे जितके चुकीचे, तितकेच परंपरेवाचून उगवलेले नवल म्हणणेही चुकीचे होय.

४

जात्याचा ताल शब्दांत कसा उतरला आहे, याचा पुरावा छापील पाठातच सापडतो. बहिणाबाईंच्या अनेक प्रसिद्ध गीतांचे चरण आठ अक्षरांचे आहेत. त्यांपैकी काहींच्या आरंभीच्या चरणाची घडण पाहावी. संसारावरील गीत, मनावरील गीत आणि घरोटावरील गीत ही तीन उदाहरणे घेतली तर तिन्हींत प्रथम दोन अक्षरांचा शब्द येतो आणि नंतर तीन अक्षरांचा एक शब्द दोनदा येतो. ‘संसार’, ‘वढाय’ आणि ‘घरोट’ हे ते शब्द. दोन, तीन व तीन अशी ही विभागणी आहे. पहिली दोन अक्षरे हाक मारण्यासारखी. त्यानंतरच्या दोन समान गटांत खुंट्याचे दोन समान फेरे ऐकू यावेत. द्विरुक्ती ही मराठीत अर्थाला जोर देण्याकरिता योजली जाते, हे खरेच. परंतु येथे ती प्रथम गतीची गरज आहे आणि मग अर्थाची.

याहून महत्त्वाची बाब उच्चारशास्त्राची आहे. मराठी बोलण्यात शब्दाच्या अंती असलेला अकार उच्चारला जात नाही. ‘संसार’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा असला तरी बोलताना त्याची दोनच अवयवे होतात. ‘घरोट’ व ‘वढाय’ यांचेही तसेच. म्हणजे वर उल्लेखिलेला आठ अक्षरांचा चरण जर नित्याच्या बोलण्याप्रमाणे वाचला, तर त्यात आठाऐवजी सहा किंवा पाचच अवयवे उरतात. चरण आठ अक्षरांचा होतो तो गाताना, अंत्य अकारास गळ्याने पुरा काळ दिल्यावर. लेखनाचा नियम ठाऊक असलेल्या कवीने अक्षरे मोजून आठ भरली असती, तर त्यास छंदाचे पुस्तकी ज्ञान म्हणता आले असते. परंतु बहिणाबाईंना अक्षरे कागदावर पाहण्याची सोयच नव्हती. त्यांनी भरलेली आठ अक्षरे ही कानाने मोजलेली आहेत, आणि कानाला ती केवळ गाण्यातच ऐकू येतात. यावरून निष्कर्ष असा निघतो की या रचना प्रथम शब्द व मागाहून चाल अशा क्रमाने झालेल्या नाहीत. चालीवाचून त्यांचा छंदच सिद्ध होत नाही. हरवलेल्या धातूचा ठसा मातूवर असा उमटून राहिला आहे.

शार्ङ्गदेवाने वाग्गेयकाराच्या अंगी असावयाच्या गुणांत शब्दानुशासनाचे, म्हणजे व्याकरणाचे, ज्ञान अग्रभागी ठेवले. निरक्षर स्त्रीला ही कसोटी कशी लावावी असे कोणास वाटेल. पण व्याकरण म्हणजे व्याकरणाचा ग्रंथ नव्हे. बोलीचे व्याकरण बोलणाऱ्याच्या ठायी असते, आणि ते लवचिकपणे वापरण्याचे सामर्थ्य ज्यास असते तोच त्या बोलीत नवे घडवू शकतो. या अर्थाने बहिणाबाई शार्ङ्गदेवाच्या कसोटीस पूर्णपणे उतरतात.

५

गीत म्हणून विचार केला असता बहिणाबाईंच्या रचनांवरील काही आक्षेपांची तीव्रता कमी होते. कित्येक गीतांत कडव्यांचा क्रम सैल आहे, एक कडवे काढले किंवा मागेपुढे केले तरी बिघडत नाही, असे वाचकास जाणवते. एखादी व्याख्या करावी, तिला जोडून दुसरी करावी, मग तिसरी, अशी यादीवजा मांडणी काही ठिकाणी आहे. छापील कवितेच्या मापाने हा दोष ठरेल. परंतु दळण किती आहे यावर गाण्याची लांबी अवलंबून असते. धान्य उरले असेल तर आणखी एक कडवे, संपले असेल तर तेथेच थांबावयाचे. अशा रचनेला उत्कर्षबिंदूकडे चढत जाणारी बांधणी परवडणारी नसते. तिचा प्रत्येक चौक स्वतःच्या पायावर उभा असावा लागतो. बहिणाबाईंच्या चौथ्या चरणात विचार जो झटकन मिटतो आणि सुभाषिताचे रूप घेतो, त्याचे कारण हेच.

तथापि सर्वच उणिवा मौखिकतेच्या नावावर जमा करणे योग्य नव्हे. काही गीतांत उपदेशाचा सूर दृश्यावर मात करतो. जेथे सुगरणीचा खोपा, चुलीवरील तवा, उभ्या पिकात शिरणारे ढोर अशी प्रत्यक्ष वस्तू समोर आहे तेथे विचार वस्तूतून निघतो, आणि जेथे ती नाही तेथे तो कीर्तनकाराच्या वळणावर जातो. बहिणाबाईंचे श्रेष्ठत्व पहिल्या प्रकारच्या गीतांवर ठरावयास हवे. त्यांच्या रचनेला सरसकट गौरविणे हा त्यांच्यावर केलेला अन्यायच होय, कारण त्यामुळे त्यांचे उत्तम व मध्यम एका पंक्तीस बसते.

६

१९५२ नंतरच्या कालखंडात या गीतांना इतरांचा धातु लाभला. १९६१ साली अनंत माने यांच्या ‘मानिनी’ या चित्रपटात बहिणाबाईंच्या गीतांस वसंत पवार यांनी चाली दिल्या. संसारावरील गीत सुमन कल्याणपूर यांच्या स्वरात घरोघरी पोचले. पुढे यशवंत देव यांनी बांधलेल्या चालींत उत्तरा केळकर यांनी बहिणाबाईंची गाणी गायिली. या चाली गुणवत्तेने कमी आहेत असे कोणीही म्हणणार नाही. बहिणाबाईंचे नाव खानदेशाबाहेर ज्या सामान्य जनांस ठाऊक झाले, त्यांच्यापर्यंत पुस्तकापेक्षा हे स्वर आधी पोचले असणे अगदी संभवनीय आहे. पण त्या चाली वसंत पवार व यशवंत देव यांच्या आहेत. वाग्गेयकार म्हणून बहिणाबाईंनी जे घडविले होते त्यातील अर्धा भाग त्यांत नाही, आणि श्रोत्यास मात्र तो आहे असे वाटते.

शब्दांगातही एक बदल संथपणे होत गेला आहे. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील. तीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा तो डोया, गळा तो गया, मिळते ते मियते. ‘ला’ या प्रत्ययाऐवजी ‘ले’ येतो : मला नव्हे, माले. भविष्यकाळात ‘शील’ऐवजी ‘शीन’ येते. लोकांच्या तोंडी आज संसारावरील गीत पुष्कळदा ‘मिळते’ या प्रमाण रूपानेच ऐकू येते. असे का व्हावे, याचे उत्तरही छंदातच आहे. ‘मियते’ आणि ‘मिळते’ यांची अक्षरे सारखीच. ‘माले’ आणि ‘मला’ यांचीही तशीच. बोलीचे रूप काढून प्रमाण रूप बसविले तरी चरणाची आठ अक्षरे कायम राहतात आणि गाणाऱ्याची जीभ कोठेही अडत नाही. अडखळ झाली असती तर गाणारा सावध झाला असता. जेथे ‘ळ’पासून झालेला ‘य’ यमकाच्या स्थानी मूळच्या ‘य’शी जुळविला असेल, तेवढ्याच ठिकाणी प्रमाणीकरणास विरोध होईल, एरव्ही छंद बोलीचे रक्षण करीत नाही. जीभ टाळूकडे वळवून उच्चारावयाचा ‘ळ’ आणि जवळजवळ स्वरच असलेला ‘य’ यांच्या नादात मोठे अंतर आहे. दीर्घ सुरात गाताना ‘य’ वाहता राहतो, ‘ळ’ अडवितो. म्हणजे शब्द बदलल्यावर अर्थ तोच राहिला आणि छंदही तोच राहिला, तरी गीताचा नाद बदलला.

७

बोलीच्या नावाचा घोटाळाही येथे निस्तरणे अवश्य आहे. बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिले असे विधान वारंवार केले जाते. ते दोन्ही परींनी सदोष आहे : त्यांनी लिहिले नाही, आणि त्यांची बोली अहिराणी नाही. धुळे जिल्हा व जळगावचा पश्चिम भाग यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना, नी, न’ असा आहे, ‘आहे’ या अर्थी ‘शे’ येते. लेवा गणबोलीत षष्ठी ‘चा, ची, चे’ या वळणाचीच आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीस सातव्या खंडात, आणि खानदेशीस मात्र १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींबरोबर घातले, ते अशाच लक्षणांवरून. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु दोन बोली एक नव्हेत, यात शंका नाही. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाग झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जळगाव येथील विद्यापीठाचे कार्यक्षेत्र या तिन्ही जिल्ह्यांचे आहे आणि २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव धारण करते. तेव्हा अहिराणीच्या स्वतंत्र अभ्यासाला आणि लेवा गणबोलीच्या स्वतंत्र अभ्यासाला त्या नावाखाली एकमेकींत विरघळू न देणे, हे त्या नावाचेच ऋण होय.

धुळे नगरीस याबाबतीत एक जुना वारसा आहे. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांचे तेथे १९२६ च्या अखेरीस निधन झाले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. जुना कागद नष्ट होण्यापूर्वी हस्तगत करावा, हा राजवाडे यांचा ध्यास होता. खानदेशात आज नष्ट होण्याच्या मार्गावर असलेले साधन कागदाचे नसून कंठाचे आहे. पिठाची गिरणी गावोगाव आल्यापासून जाते अडगळीत गेले. त्यावर गायिलेल्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. असोदे, जळगाव, यावल, रावेर येथील लेवा घरांत ओवीच्या ज्या चाली अजून कोणाच्या स्मरणात असतील त्यांचे ध्वनिमुद्रण करावे, कडव्यागणिक अंत्य अकार किती काळ धरला जातो हे मोजावे, आणि बहिणाबाईंच्या छापील चरणांशी ते ताडून पाहावे. त्यातून बहिणाबाईंच्या चाली परत मिळतील असा दावा कोणी करू नये. पण त्या कोणत्या स्वरसाच्यांच्या शेजारी जन्मल्या हे कळेल, आणि त्यांनी परंपरेतून काय घेतले व स्वतःचे काय घातले याचा निर्णय करण्यास आधार मिळेल. प्रमाण रूपे काढून बोलीची रूपे सिद्ध करणारी चिकित्सक आवृत्तीही त्याच आधारावर उभारता येईल.

बहिणाबाईंनी छापखान्यावरही एक गीत रचले आहे. छापला गेल्यावर कोरा कागदही शहाणा होतो, माणूस मात्र वेडाच राहतो, असा त्याचा आशय आहे. त्यांच्या निधनानंतर त्यांचेच गाणे छापले जाऊन कोरे कागद शहाणे झाले. त्या कागदांवर आठ अक्षरे मोजून समाधान मानावयाचे, की ती अक्षरे ज्या गळ्याने मोजली त्याचा माग काढावयाचा, याचा निर्णय अभ्यासकांनी करावयाचा आहे. आणि ज्यांच्या साक्षीवाचून तो माग लागणार नाही त्या स्त्रियांचे वय पाहता या निर्णयास फारशी सवड उरलेली नाही.